इन्सुलिन सुरू झाल्यापासून रात्री शुगर लो होण्याची सतत भीती वाटते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की एकदा पहाटे शुगर ५१ वर गेली आणि तेव्हापासून झोपताना १८० च्या खाली आकडा दिसला की तुम्ही काहीतरी खाऊनच झोपता, कधी इन्सुलिनही कमी घेता. मी बरीच वर्षं इन्सुलिनवर आहे. ही भीती मनाचे खेळ म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. ७० च्या खाली शुगर लो धरतात. ५४ च्या खाली मेंदूलाच ग्लुकोज कमी पडायला लागतं, माणूस गोंधळतो, बोलणं अडखळतं. हे अनुभवलेल्या माणसाला भीती वाटणारच.

या भीतीची डॉक्टरांनाही चांगली कल्पना आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॅनियल कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ती मोजायला एक प्रश्नावलीच तयार केली. तिचे दोन भाग आहेत: मनात काय काळजी वाटते आणि त्या काळजीपोटी आपण काय काय करतो. तुमच्या बाबतीत मला दुसऱ्या भागाची जास्त चिंता वाटते. रोज रात्री शुगर चढी ठेवली की एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारा आकडा, वाढतं. ते पाहून डॉक्टर डोस वाढवतात, कारण तुम्ही इन्सुलिन कमी घेता हे त्यांना माहीतच नसतं. मग एखाद्या दिवशी तो वाढवलेला डोस तुम्ही पूर्ण घेता आणि शुगर खरोखरच कोसळते. म्हणून पुढच्या भेटीत हे स्पष्ट सांगा. ते लपवण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट, घाबरल्यावर आणि शुगर लो झाल्यावर शरीरात ॲड्रिनलिनच उसळतं. घाम, थरथर, छातीत धडधड, सगळं सारखंच. नुसत्या जाणिवेवरून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. शिवाय शुगर बरेच दिवस चढी राहिली असेल तर ११० लाही लो झाल्यासारखं वाटतं, शरीराला सवय व्हायला काही आठवडे लागतात. त्यामुळे मीटर, स्ट्रिप आणि ग्लुकोज उशाशीच ठेवा. रात्री दचकून जाग आली की आधी बोट टोचा, मग काय ते ठरवा. आकडा १४२ आला तर पाणी पिऊन आडवं व्हा. ६४ आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ही १५ मिनिटं फार कठीण जातात. थरथर लगेच थांबत नाही, हात सारखा डब्याकडे जातो आणि तासाभराने शुगर ३०० वर पोचलेली असते. घड्याळ समोर ठेवून बसा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साखरेचा पटकन उपयोग होत नाही, ग्लुकोजच लागतं.

पण खरं काम आहे ते त्या ५१ चं कारण शोधण्याचं. संध्याकाळी जास्त व्यायाम झाला होता का? त्याचा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू शकतो. जेवण कमी झालं होतं, दारू घेतली होती, की रात्रीचा डोसच जास्त आहे? कारण सापडलं तर डॉक्टर नेमका तोच डोस बदलू शकतात. शक्य असेल तर अंगावर लावून शुगर सतत मोजणाऱ्या सेन्सरबद्दलही विचारा, शुगर उतरायला लागली की तो झोपेत अलार्म देतो.

शुगर ७० च्या खाली गेली तरी काहीच जाणवेनासं झालं, तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना कळवा. वारंवार लो झाल्याने असं होतं, आणि काही आठवडे लो टाळले तर ती जाणीव बऱ्याच जणांना परत येते. रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गोळी घेत असाल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो.

(हे वाचणारं कुणी फक्त मेटफॉर्मिनवर असेल तर शुगर लो होण्याचा धोका फारच कमी असतो. तो मुख्यतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असतो.)

रात्री घरात जे कोणी असेल त्यांना एवढं शिकवून ठेवा: तुम्ही शुद्धीवर नसाल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं तातडीचं औषध) असेल तर द्यायचं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची. ग्लुकॅगॉन लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा आणि ते कसं द्यायचं हे घरच्यांना दवाखान्यातच दाखवून घ्या.