नाकातल्या पॉलिपच्या (अस्तरावरच्या लोंबत्या वाढीच्या) रिपोर्टमध्ये 'स्क्वेमस मेटाप्लासिया' आणि 'सौम्य डिस्प्लेसिया' आलंय. वडिलांना कॅन्सर आहे का?

या दोन शब्दांचा अर्थ कॅन्सर असा होत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा स्लाइड नेहमी पाहते. पण या शब्दांपेक्षा मला तुम्ही ओघात लिहिलेलं जास्त महत्त्वाचं वाटतं: मास फक्त डाव्या बाजूलाच वाढलं होतं आणि वडील सुतारकाम करतात.

नाकाचं अस्तर उंच पेशींचं असतं. त्यांच्यावर बारीक केसांसारखे सिलिया असतात, मधूनमधून शेंबूड बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी. पॉलिप लोंबत पुढे आला की त्याला हवा आणि धूळ सतत लागते. मग हे नाजूक अस्तर जाऊन तिथे त्वचेसारखे चपट्या पेशींचे थर येतात. हा मेटाप्लासिया. जुन्या पॉलिपमध्ये तो बऱ्याचदा सापडतो, त्याची धास्ती नको.

डिस्प्लेसियात पेशींची केंद्रकं मोठी आणि गडद होतात, थरांची घडी विस्कटते. सौम्य प्रकारात हा बिघाड अस्तराच्या खालच्या भागापुरता असतो. नुसत्या जोरदार सुजेमुळेही पेशी अशाच दिसू शकतात, तिथे आमचा कस लागतो.

दम्याबरोबर दोन्ही नाकपुड्यांत येणारे साधे पॉलिप कॅन्सरकडे फारच क्वचित वळतात. एकाच बाजूची वाढ मात्र इन्व्हर्टेड पॅपिलोमा असू शकते. दिसायला पॉलिपसारखीच, पण अस्तर आतल्या दिशेने वाढत जातं. तो काढल्यावर पुन्हा येऊ शकतो आणि साधारण 5 ते 15 टक्के रुग्णांत त्यासोबत कॅन्सर सापडतो. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली कॅन्सरकारक ठरवलं आहे. या धुळीमुळे होणारा नाकाचा कॅन्सर मुख्यतः वेगळ्या जातीचा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा ॲडेनोकार्सिनोमा असतो. तरी हा धागा सोडू नका.

म्हणून पॅथॉलॉजिस्टना थेट विचारा: काढलेलं सगळं मास तपासलं का, की थोडंच? पॅपिलोमा नाही ना? स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) मागून घ्या आणि डोकं-मानेच्या कॅन्सरचं काम पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. सायनसचा सीटी स्कॅन झाला नसेल तर ईएनटी डॉक्टरांशी त्याबद्दल बोला, आणि दुर्बिणीने पुन्हा कधी बघायचं ती तारीख आत्ताच ठरवून घ्या. वडील विडी, सिगारेट किंवा तपकीर ओढत असतील तर ती बंद, आणि रंधा मारताना चांगला मास्क.

त्या बाजूने रक्त येणं, गाल बधिर होणं, वरचा दात हलणं, एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर त्या तारखेची वाट न बघता लगेच जा.