गळकी गच्ची आणि ‘पाच वर्षांत दुप्पट’

प्रश्न : वय ४६, खासगी नोकरी, हातात महिना ६२ हजार येतात. वडिलांनी १९९२ मध्ये बांधलेल्या घरात आई, पत्नी आणि मुलीसह राहतो. वडील २०१७ मध्ये गेले, घर अजून त्यांच्याच नावावर आहे. भाऊ आणि बहीण दुसरीकडे राहतात. नऊशे चौरस फुटांची गच्ची चार पावसाळे गळते आहे. स्वयंपाकघरात छताचा गिलावा पडून सळ्या दिसू लागल्या आहेत. तीन अंदाज मिळाले. वरून केमिकल कोटिंग, १० वर्षांची गॅरंटी, ९० हजार. जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, काढून सळ्यांची दुरुस्ती आणि नवं वॉटरप्रूफिंग, तीन लाख. स्लॅब तोडून नवा, ११ लाख. बँकेतून घेतलेल्या एका योजनेत दरवर्षी एक लाख भरतो, चार हप्ते झाले. पाचवा भरला की वर्षअखेरीस दुप्पट, म्हणजे १० लाख मिळतील असं बँकेतल्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं. म्हणून आत्ता कोटिंग करावं आणि पुढच्या वर्षी त्या पैशातून नवा स्लॅब टाकावा, असा विचार आहे. की आत्ताच १४ टक्क्यांनी पर्सनल लोन काढून काम उरकावं? अडीच लाखांची एफडी आहे, ती मोडायची नाही. योजनेच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे.

उत्तर : फोटो जोडलात ते फार बरं केलंत. नाहीतर मीही गच्चीवरच बोलत बसलो असतो.

त्या पानावर चार ओळी आहेत, त्या तुम्ही बहुधा आजवर वाचलेल्या नाहीत. हप्ते भरण्याचा कालावधी : १२ वर्षे. पॉलिसीची मुदत : २० वर्षे. विमा रक्कम : १० लाख. मुदतपूर्तीला मिळणारी रक्कम : २४ लाख. तुम्ही जिला ‘योजना’ म्हणता ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. पुढच्या वर्षी तुम्हाला १० लाख मिळणार नाहीत. सहाव्या हप्त्याची नोटीस मिळेल. स्लॅबसाठी जे पैसे तुम्ही मनात धरून ठेवलेत, ते कुठेच नाहीत. बाजारात तुरी म्हणतात त्यातली गत.

‘दुप्पट’ हा शब्द तसा खोटा नाही. १२ लाख भरायचे, २४ लाख घ्यायचे. फक्त ते विसाव्या वर्षाच्या शेवटी. हप्ते बारा वर्षांत पसरलेले, म्हणजे सरासरी प्रत्येक रुपया साडेचौदा वर्षं अडकतो आणि मग दुप्पट होतो. व्याजाचा दर काढला तर पाच टक्क्यांच्याही जरा खालीच येतो. आणि तुम्हाला जे सांगितलं गेलं, पाच हप्त्यांचे पाच वर्षांत १० लाख, त्याचा दर काढा : वर्षाला २४ टक्के. हमी देऊन २४ टक्के! हा आकडा कुणी तोंडावर सांगितला असता तर तुम्ही हसून उठला असता. ‘दुप्पट’ म्हटलं की आकडेमोड थांबते, म्हणूनच विकणाऱ्यांना तो शब्द इतका आवडतो. एफडीचं नूतनीकरण करायला गेलेल्या माणसाला समोरच्या खुर्चीत बसवून पॉलिसी गळ्यात मारणं हा प्रकार मी इतक्या पत्रांत वाचलाय की आता राग येण्याऐवजी कंटाळा येतो.

पॉलिसी हातात पडल्यावर ती न आवडल्यास परत करण्याची मुदत असते, हल्ली ३० दिवसांची. तुमची ती केव्हाच उलटून गेली. तक्रार करायची तर करा : आधी विमा कंपनीकडे लेखी, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर, आणि समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे. लोकपालांकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पण फार आशा धरू नका. अर्जावर सही तुमची आहे, आणि पडताळणीच्या फोनवर ‘मुदत २० वर्षे, समजलं का?’ या प्रश्नाला तुम्ही ‘हो’ म्हटल्याचं रेकॉर्डिंग बहुधा त्यांच्याकडे असेल. अधिकाऱ्याचा ‘पाच वर्षांत दुप्पट’ असा एखादा मेसेज किंवा त्याच्या हातचं आकड्यांचं चिटोरं सापडलं तर मात्र ते जपून ठेवा, त्याने पारडं फिरू शकतं.

आता त्या पॉलिसीचं करायचं काय? बंद करून पैसे परत घेतले, म्हणजे सरेंडर केली, तर चार हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या निम्मे, म्हणजे दोन लाखांच्या आसपास हातात येतील. दोन लाख गेले. दुसरा रस्ता, पुढचा हप्ताच न भरणे आणि पॉलिसी ‘पेड-अप’ होऊ देणे. बारापैकी चार हप्ते भरलेत, तेव्हा २४ लाखांची तिहाई, साधारण आठ लाख, मुदतीच्या शेवटी मिळतील. विमाही त्याच प्रमाणात घटेल. तिसरा रस्ता, भरत राहणे. उरलेले आठ लाख भरून शेवटी १६ लाख जास्तीचे मिळतात, म्हणजे नव्या पैशावर साडेपाच टक्के. तेच आठ लाख त्याच तारखांना पीपीएफमध्ये घातले तर एप्रिल २०२० पासून चालत आलेल्या ७.१ टक्क्यांनी १९ लाख होतात. म्हणून भरत राहणं बाद.

सरेंडर की पेड-अप? दोन लाख आज काढून सोळा वर्षं सात टक्क्यांनी ठेवले तर सहा लाख होतील. पेड-अपमध्ये आठ. बहुतेक जण चिडून सरेंडर करतात. चिडण्याची किंमत इथे दोन लाख आहे. हे आठ लाख मी प्रमाणाने काढलेत, काही पॉलिसींत पेड-अपचा हिशेब वेगळा असतो. म्हणून कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आजचं सरेंडर मूल्य आणि पेड-अप केल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम. दुसरा आकडा पहिल्याच्या तिपटीहून कमी आला तर सरेंडर करा. फोनवरचं उत्तर धरू नका, ते तुम्ही एकदा धरून पाहिलंय.

जाता जाता : वर्षाला एक लाख भरून तुम्हाला विमा मिळाला दहा लाखांचा, म्हणजे घरात येणारे जेमतेम सोळा महिन्यांचे पगार. आई, पत्नी आणि मुलगी तुमच्यावर अवलंबून आहेत. साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, घ्या, किमान ७५ लाखांचा. हप्ता या लाखाच्या जवळपासही जाणार नाही. आणि तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी थांबवा.

गच्चीकडे वळू. पुढच्या वर्षीचे १० लाख खोडल्यावर ‘आत्ता कोटिंग, मग नवा स्लॅब’ या बेताला पायाच उरत नाही. तरी तीन अंदाजांची वर्षावारी काढून पाहू. ओलसर, तडकलेल्या कोब्यावर मारलेलं कोटिंग मी तीन-चार पावसाळ्यांपलीकडे धरत नाही, म्हणजे वर्षाला २५ हजार. तीन लाखांचं काम नीट झालं तर १२ ते १५ वर्षं, म्हणजे २० ते २५ हजार. नवा स्लॅब ४० वर्षं धरा : २७ हजार, शिवाय काम चालू असताना दुसरीकडे राहण्याचं भाडं. तिन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की पैशावरून निर्णय होणारच नाही. तो सळ्यांवरून करावा लागेल.

पाणी ठिबकणं हा त्रास आहे, पण स्लॅब मरतो तो सळ्या गंजल्याने. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, ते फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. तुमच्या स्वयंपाकघरात तेच चाललंय. वरून कोटिंग मारून हे थांबत नाही. आत कोंडलेली ओल आपलं काम करत राहते आणि तिच्या वाफेने कोटिंगलाही फुगे येतात. दहा वर्षांच्या गॅरंटीबद्दल एवढंच विचारा : गळालं तर फक्त कोटिंग पुन्हा मारून देणार, की पडलेला गिलावा आणि सळ्याही? उत्तर ऐकून अंदाजपत्रक घडी घालून ठेवाल.

तिघांपैकी कुणालाही होकार देण्याआधी पदरचे पंधरा-वीस हजार घालून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. काम घेणारा नको, फक्त तपासून अहवाल देणारा. तो छत हातोडीने ठोकत जाईल, कुठे बद्द आवाज येतो त्यावर खुणा करील, दोन-चार ठिकाणी काँक्रीट फोडून सळईची जाडी मोजेल. फोडलेल्या जागी एक द्रावण फवारतात : काँक्रीट गुलाबी झालं तर अजून सळईला सांभाळून आहे, रंग आला नाही तर त्याची ती ताकद संपली. गंज स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या पट्ट्यापुरता असेल, आणि बहुतेक वेळा तो तसाच असतो, तर तीन लाखांचं काम योग्य. सगळीकडे सळ्या निम्म्या झाल्या असतील तर दुरुस्तीचे तीन लाख पाण्यात. गळती कुठून येते हेही तो शोधेल. पाण्याच्या टाकीची जोडणी, कठड्यालगतचा फुटलेला वाटा (कोपऱ्यातली गोलाई), गच्चीतून पाणी जाण्याचं तुंबलेलं तोंड. कधी कधी सगळा तमाशा दोन फुटांच्या जागेतला असतो.

आणखी एक. कुणी म्हणेल, जुना कोबा काढत बसू नका, त्यावरच नवा टाकू, लाखभर वाचेल. नऊशे चौरस फुटांवर चार इंची कोबा म्हणजे पंधरा टनांच्या आसपास वजन. सळ्या गंजलेल्या स्लॅबच्या डोक्यावर ते ठेवायचं का, एवढं त्याला विचारा. त्याच्याच तोंडून पत्र्याची शेडही निघेल. शेडने पाणी थांबतं हे खरं, पण आधी सळ्या दुरुस्त झाल्या असतील तरच ती कामाची, नाहीतर गंज झाकण्यापुरती. शिवाय तिला परवानगी लागते का, ते आधी विचारून घ्या.

काम सुक्या दिवसांतच करून घ्या आणि ठेकेदाराचे शेवटचे २० टक्के पाणी साचवून चाचणी होईपर्यंत हातात ठेवा. गच्चीत तीन दिवस पाणी कोंडून ठेवायचं आणि खाली छत कोरडं राहतंय का बघायचं.

तीन लाख आणायचे कुठून? पर्सनल लोन नको. तीन वर्षांसाठी १४ टक्क्यांनी घेतलं तर सत्तर हजारांच्या घरात व्याज जाईल. एफडीवर साडेसहा-सात मिळवायचे आणि शेजारच्या काउंटरवर १४ मोजायचे, हे ‘एफडी मोडायची नाही’ या हट्टाचं बिल आहे. आणि हट्ट मोडायचीही गरज नाही. एफडीवर ओव्हरड्राफ्ट मिळतो, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर लागतील तसे पैसे उचलता येतात, व्याज एफडीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त. पॉलिसीचा पाचवा हप्ता भरायचा नाही, ते एक लाख आले. उरलेले दोन लाख ओव्हरड्राफ्टमधून घ्या आणि पुढची दोन वर्षं, पॉलिसीत गेला असता तो लाख तिकडे भरा. एकूण व्याज पंचवीस हजारांच्या आसपास. तोवर एफडी अडकलेली राहील, तेव्हा या दोन वर्षांत दुसरं काहीही मोठं काढू नका, गाडी बदलणं धरून.

आता मला खटकलेली दुसरी गोष्ट, जी तुम्ही ओघात एका ओळीत लिहून पुढे गेलात. घर अजून वडिलांच्याच नावावर आहे. घरदुरुस्तीचं कर्ज सोडून तुमच्यासमोर पर्सनल लोनच का उरलं? दुरुस्तीचं कर्ज बरंच स्वस्त असतं. पण ते घर तारण ठेवून मिळतं, आणि कागदावर घर तुमचं नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, घर त्यांच्या स्वकमाईचं असेल आणि तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल, तर आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण अशा चौघांचा त्यात सारखा हिस्सा आहे. तिथे राहता तुम्ही, पण तुमचा हिस्सा पाव आहे. ११ लाखांचा स्लॅब टाकलात तर त्यातले सव्वाआठ लाख दुसऱ्यांच्या हिश्शावर खर्च केल्यासारखे. भावाबहिणीचं आज काही म्हणणं नसेल. पुढे कधी घर विकायची किंवा वाटणीची वेळ आली आणि पुढची पिढी टेबलाशी बसली, की ‘मामाने स्लॅब टाकला होता’ हे कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि राहिलं तरी त्याचा आकडा कुणी मान्य करत नाही.

तीन लाखांची दुरुस्ती आईच्या डोक्यावरचं छत म्हणून करा, त्यात हिशेब नको. इंजिनिअरचा अहवाल नव्या स्लॅबच्या बाजूने आला तर मात्र कागद आधी. वारसनोंद करून घ्या. पण नोंदीने मालकी ठरत नाही, म्हणून तिथेच थांबू नका. चौघांनी बसून ठरवा : कुणी हक्कसोडपत्र करून देणार का, की खर्च वाटून घेणार, की घर आहे तसंच विकणार. जे ठरेल ते नोंदणीकृत करा. अहवाल हातात असेल तर हे बोलणंही सोपं जाईल. भावासमोर तुमची मागणी न ठेवता इंजिनिअरचं पान ठेवता येतं. नाव लागल्यावर दुरुस्तीच्या कर्जाचा रस्ता आपोआप मोकळा होईल.

आणि पॉलिसीचा हप्ता तुमच्या खात्यातून आपोआप वळता होत असेल तर त्याची सूचना हप्त्याच्या तारखेआधी बँकेत लेखी रद्द करा. त्याच टेबलावर ‘साहेब, एवढे भरलेत, आता कशाला मोडता’ असं म्हणत नवी पॉलिसी पुढे सरकवली जाईल. पोचपावती घ्या आणि निघा.