तुमचे प्रश्न : टेस्टच्या दिवशी शहाण्यासारखं गिळू नका

या वेळी गिळण्याच्या तपासणीवर बरीच पत्रं आलीत, त्यातली चार घेते. मी गिळण्याची आणि बोलण्याची थेरपी करणारी आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी चालू ठेवायची का बंद करायची हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मला नको.

प्रश्न : ताई, मी चोपड्याची, वय ४४. बऱ्याच वर्षांपासून स्क्लेरोडर्मा आहे, म्हणजे कातडी ताठ करणारा आणि आतल्या अवयवांनाही धरणारा आजार. हाताची कातडी ताठ झालीय, गारठ्यात बोटं पांढरी-निळी पडतात, तोंड पण पहिल्यासारखं उघडत नाही. वर्षभरापासून भाकरीचा घास छातीत मधेच थांबतो, वरून पाणी पिऊन ढकलावा लागतो. सासूबाई म्हणतात, "घाई घाई खास तू, म्हनीसन अटकस." आता डॉक्टरांनी जळगावला बेरियम स्वॅलो करायला सांगितलंय. ते पांढरं औषध मला गिळताच नाही आलं तर? आणि खरं सांगू, इतक्या टेस्ट झाल्यात की आता अजून एक म्हटलं तरी कंटाळा येतो.

उत्तर : ताई, गिळता नाही आलं तर तेच तर त्यांना बघायचंय! इथे पास-नापास काही नसतं. पण आपल्या बायकांचं काय होतं, दवाखान्यात गेलं की एकदम शहाण्या होतात, डॉक्टर म्हणाले गिळा की कसंही करून गिळून दाखवतात, मान जरा वर, मधे एक आवंढा, सगळं व्यवस्थित, आणि रिपोर्टवर येतं "विशेष काही नाही". दुखण्याची सवय झालेला माणूस तर याच्यात पक्का तयार असतो, घास बारीक करणं, प्रत्येक घासाला दोन घोट पाणी, जेवायला पाऊण तास, हे सगळं इतकं अंगवळणी पडतं की त्रास आहे हेच सांगायचं राहून जातं. म्हणून टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस लिहून ठेवा, काय खाल्ल्यावर अडकलं, कुठे अडकलं, पाणी किती लागलं, रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी आलं का. आणि तो कागद तिथे द्या, तोंडी सांगायला वेळ मिळेल असं धरून चालू नका.

आता टेस्ट कशी असते ते. बेरियम सल्फेट नावाची पांढरी पूड पाण्यात घट्टसर कालवलेली असते, चवीला खडूसारखी, काही ठिकाणी व्हॅनिला नाहीतर स्ट्रॉबेरीचा वास घातलेला. ते अंगात शोषलं जात नाही, आणि एक्स-रे त्यातून आरपार जात नाही म्हणून तुम्ही गिळता तेव्हा ते कुठून कसं उतरतं ते पडद्यावर चालू सिनेमासारखं दिसतं. अन्ननलिका असते साधारण २५ सेंटीमीटरची, आणि चांगल्या अन्ननलिकेत घास ८-१० सेकंदात खाली पोचतो. तिचा वरचा भाग एका प्रकारच्या स्नायूंचा आणि खालचा दोन-तृतीयांश आपोआप चालणाऱ्या स्नायूंचा, स्क्लेरोडर्मा धरतो तो खालचाच भाग. तो ढिला पडतो, घास पुढे ढकलत नाही, आणि पोटाच्या तोंडाशी असलेली झडप पण सैल होते म्हणून आंबट वर येतं. तर सासूबाईंना सांगा, हे घाईचं काम नाही, घास घशात नाही छातीत अडकतोय हे तुमच्या आजाराशी बरोबर जुळतं.

आणि म्हणूनच एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. उभ्याने प्यायलात की बेरियम आपल्या वजनानेच खाली उतरतं, अन्ननलिकेने काम केलं की नाही ते कळतच नाही. ते कळतं आडवं करून पाजल्यावर. एक्स-रेचं टेबल आडवं होतं, तुम्हाला कुशीवर नाहीतर पालथं झोपवून नळीने एकेक घोट घ्यायला सांगतात. चिठ्ठीवर "स्क्लेरोडर्मा" हा शब्द लिहिलेला आहे ना ते घरूनच बघून निघा, नुसतं "गिळायला त्रास" एवढंच असेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि तिथे गेल्यावर विचारा, आडवं करूनही बघणार ना. विचारायला लाजू नका, तुमचं अंग आहे.

बारीकसारीक तयारी. साधारण ६ तास पोट रिकामं लागतं, शक्यतो सकाळचा नंबर घ्या. गळ्यातलं सगळं काढावं लागतं, पोत पण, तर ती काढायची म्हणून तिथे ऐनवेळी रडवेल्या होणाऱ्या बायका मी पाहिल्यात, घरूनच काढून डबीत ठेवून निघा नाहीतर सोबत कोणाजवळ द्या. एक्स-रेच्या खोलीत एसी कडक असतो. बाहेर आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री आणि तुम्ही पिशवीत लोकरीचे हातमोजे घेऊन जाताय म्हणून रिक्षावाला हसेल, हसू दे, तुमची बोटं निळी पडली तर तो येणार नाही चोळायला. बेरियम फ्रिजमधलं गार नको, साध्या तापमानाचं द्या, हे आधीच सांगा. तोंड कमी उघडतं तर मोठा पेला ओठाला लावता येणार नाही, छोटा कप किंवा स्ट्रॉ मागा. आणि पातळ औषध सरळ उतरलं पण घरी भाकरीच अडकते असं असेल तर तेही सांगा, बऱ्याच ठिकाणी बेरियम लावलेला ब्रेडचा तुकडा खायला देऊन बघतात.

टेस्ट झाल्यावर पोट साफ होण्याकडे लक्ष ठेवा. बेरियम आतड्यात सुकून घट्ट होतं, आणि स्क्लेरोडर्मात आतडं आधीच मंद, दोन दिवसात पोट साफ नाही झालं किंवा पोट फुगून दुखायला लागलं तर वाट बघू नका. तुम्हाला आधीपासून बद्धकोष्ठ असेल तर जुलाबाचं सौम्य औषध त्याच दिवशी विचारून ठेवलेलं बरं.

पुढे कदाचित मॅनोमेट्री पण सांगतील, नाकातून बारीक नळी घालून घोटाघोटाला अन्ननलिकेचा जोर मोजतात. छान वाटत नाही, खोटं कशाला सांगू, पण नाकातून नळी उतरेपर्यंतच जास्त त्रास असतो. आणि त्यातून जेवढं कळतं तेवढं एक्स-रेतून कळत नाही.

प्रश्न : आमचे सासरे ७३ वर्षांचे, शिरपूरजवळच्या खेड्यात राहतो. पार्किन्सन आहे. चहा पिताना ठसका लागतो, लाळ गळते, या पावसाळ्यात दोनदा छातीत कफ भरून ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणतात गिळण्याचा व्हिडिओ काढून घ्या. सासरे म्हणतात मला काही झालेलं नाही, भाकरी कुस्करून वरणात देतो ती तर ते आरामात खातात. काय करावं?

उत्तर : वहिनी, आधी त्या कुस्करलेल्या भाकरीबद्दल बोलू, कारण खान्देशात म्हाताऱ्या माणसाला सोपं म्हणून हेच देतात, कळण्याची नाहीतर ज्वारीची भाकरी चुरून पातळ वरणात किंवा शेवभाजीच्या रश्श्यात. दिसायला मऊ, पण गिळायला हेच अवघड. तोंडात एकाच वेळी पातळ आणि तुकडे असतात, तुकडे चावून होईपर्यंत रस्सा मागे पळतो आणि गिळायची वेळ यायच्या आधीच श्वासनलिकेच्या दारात जाऊन पोचतो. त्यापेक्षा एकसारखी मऊ वस्तू बरी पडते, घोटलेली खिचडी, घट्ट पिठलं, दाणे न घातलेलं भरीत.

"काही झालेलं नाही" हे ते खोटं बोलत नसतील. पार्किन्सनमध्ये बऱ्याचदा घशाची जाणीवच कमी होते, मग पाणी श्वासनलिकेत गेलं तरी ठसका येत नाही. तुमच्याकडे ठसका तरी येतोय, पण प्रत्येक वेळी येतोच असं धरू नका, दोनदा कफ भरला त्याचं कारण हेच आहे का ते बघायला हवं. बाहेरून बघून हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, मलाही नाही, म्हणून व्हिडिओ.

ही टेस्ट वरच्या ताईंच्या टेस्टपेक्षा वेगळी, इथे छाती नाही, घसा बघतात. खुर्चीवर बसवून बाजूने एक्स-रे चालू ठेवतात आणि थेरपिस्ट पातळ, घट्ट, मऊ, बिस्कीट असं एकेक बेरियम लावून थोडं थोडं देतो. दुसरी पद्धत नाकातून बारीक दुर्बीण घालायची, कान-नाक-घशाचे डॉक्टर नाहीतर ट्रेनिंग घेतलेले थेरपिस्ट करतात, रंग घातलेलं दूध-खीर देतात, त्यात एक्स-रे नाही आणि ती पलंगाजवळही होते. दोन्ही चांगल्या, जी जवळ होते ती करा. आपल्याकडे गावोगावी ही सोय नाही, आधी फोन करून "गिळण्याचा व्हिडिओ, घशाचा" असं स्पष्ट विचारा, नाहीतर नाशिकपर्यंत गाडी करून जाल आणि तिथे साधा बेरियम करून परत पाठवतील.

या टेस्टला बहुतेक ठिकाणी उपाशी राहायची गरज नसते. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनची, गोळी चुकवू नका, डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय. गोळी चढलेली असताना एक गिळणं आणि उतरल्यावर दुसरं गिळणं असतं, तर घरी ठसका कोणत्या वेळी जास्त लागतो ते सांगा. कवळी असेल तर घालूनच न्या, पिशवीत ठेवून नाही. आणि घरचा चहा थर्मासमध्ये, खिचडी डब्यात, ते ज्या वाटीतून खातात ती वाटी पण न्या. लोक सांगतात "हनुवटी छातीकडे घेऊन गिळा", ही युक्ती काहींना उपयोगी पडते काहींना नाही, ती तुमच्या सासऱ्यांना चालते का हे त्या व्हिडिओतच कळतं, म्हणून शेजारच्यांच्या सांगण्यावरून आधीच सुरू करू नका.

रिपोर्टमध्ये पाणी "लेव्हल २" घट्ट करून द्या असं काही लिहून येऊ शकतं. ते घरी मोजता येतं. १० मिलीची सिरिंज घ्या, शून्यापासून १० च्या खुणेपर्यंत लांबी ६१.५ मिमी हवी, पट्टीने बघा. दांडी काढा, खाली बोट लावून १० पर्यंत भरा, बोट काढून १० सेकंद वाहू द्या, परत बोट लावा. आत १ ते ४ मिली राहिलं तर लेव्हल १, ४ ते ८ राहिलं तर लेव्हल २, ८ च्या वर राहिलं तर लेव्हल ३. घट्ट पाणी म्हाताऱ्यांना अजिबात आवडत नाही, मग ते पाणीच कमी पितात आणि लघवीचा त्रास सुरू होतो. त्यांना ते झेपत नसेल तर थेरपिस्टकडे जाऊन तसं सांगा, मधला मार्ग काढता येतो, शेवटी जेवणार ते आहेत. एक मात्र सोडू नका, सकाळ-रात्र दात, जीभ, कवळी स्वच्छ. फुफ्फुसात नुसतं पाणी गेलं तर एवढं बिघडत नाही, तोंडातले जंतू घेऊन गेलं की न्यूमोनिया होतो.

प्रश्न : बेरियमनंतर संडास पांढरी होते का? आणि एक्स-रे इतका वेळ चालू ठेवतात त्याचं काही नुकसान? (भुसावळ)

उत्तर : होते, एक ते तीन दिवस, घाबरायचं नाही. पाणी भरपूर प्या, पण किडनीचे किंवा हृदयाचे पेशंट असाल आणि पाणी मोजून दिलेलं असेल तर हे वाक्य तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांना विचारा. घशाच्या व्हिडिओला एक्स-रेचा डोस सहसा १ मिलिसिव्हर्टच्या आतच असतो, माती-हवा-अन्नातून आपल्याला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिळतोच. छातीपर्यंतच्या बेरियमला घशाच्या व्हिडिओपेक्षा जास्त लागतो, तरी गरज असेल तेव्हा करून घ्यावी. गरोदर असाल, नुसती शंका असेल तरी, आधी सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटीच्या दिवसाचा डोस आदल्या दिवशीच विचारून घ्या.

प्रश्न : मी २९ वर्षांचा, शहाद्याचा. मायस्थेनिया आहे. रात्री जेवताना शेवटी शेवटी घास फिरतच राहतो, कधी पाणी नाकातून येतं. टेस्ट केली, नॉर्मल आली. आता घरी सगळे म्हणतात टेन्शन आहे, ध्यान वगैरे कर. मलाच शंका यायला लागलीय.

उत्तर : भाऊ, टेस्ट किती वाजता केली? सकाळी, गोळी घेऊन, आणि दहा-बारा घोटांत संपली असणार. मायस्थेनियात स्नायू वापरून वापरून थकतात, सकाळचे पहिले दहा घोट तर तुमचे चांगले जाणारच! रिपोर्ट चुकीचा नाही, तो त्या दहा घोटांचा आहे, आणि तुमचा त्रास आहे रात्रीच्या पंधराव्या-विसाव्या घासाचा. नाकातून पाणी येणं हे टेन्शनने होत नाही, टाळू वर उचलली जात नाही म्हणून होतं.

न्यूरोलॉजिस्टला हे असंच सांगा आणि विचारा की परत करायची तर संध्याकाळी, आधी काहीतरी चावून थकवून करता येईल का. पायरिडोस्टिग्मिन, म्हणजे मायस्थेनियाची गोळी, अर्धा-पाऊण तासात चढते आणि तीन-चार तास टिकते, टेस्टच्या वेळी ती अंगात असावी की नसावी हा निर्णय त्यांचा, स्वतःहून गोळी पुढे-मागे करू नका. रात्रीच्या जेवणाचा व्हिडिओ मोबाईलवर घरच्या कोणाकडून काढून घ्या, शेवटच्या पाच मिनिटांचा, समोरून, आवाजासकट, जेवल्यावर आवाज ओला-घोगरा किंवा नाकातून येतो का ते त्यात ऐकू येतं. तोवर मोठं जेवण दुपारी आणि गोळी चढलेली असताना, रात्री मऊ आणि थोडं, जेवताना गप्पा नकोत. डाळ-बट्टी रात्री तर मुळीच नको, मला माहितीये आवडते म्हणून, दुपारी तूप घालून मऊ चुरून खा.

आणि घरच्यांना हे शेवटचं वाचून दाखवा. गिळणं एकदम बिघडलं, आवाज बारीक झाला, आडवं झाल्यावर दम लागला, एका श्वासात वीसपर्यंत मोजता आलं नाही, तर ध्यान नाही, दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंटही नाही, त्याच रात्री व्हेंटिलेटरची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं आणि दारातच सांगायचं की मायस्थेनियाचा पेशंट आहे.