घरच्यांनी दार लावलं असेल तर

बाळा, बाप्तिस्म्यानंतर घरचे बोलत नाहीत म्हणून तू रविवारी शरणपूरच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर रडत होतास. मी पाहिलं. माझा थोरला भाऊ माझ्याशी सहा वर्षं बोलला नाही. दर हंगामात मी द्राक्षांची पेटी त्याच्या ओट्यावर ठेवून यायचे. पहिल्या वर्षी ती तशीच सडली, मुंग्या लागल्या. तरी पुढच्या वर्षी नेली.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय सावकाश वाच. प्रभूनं कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुतले. कोण विश्वासघात करणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तो विश्वासघात करणारा यहूदा अजून तिथंच होता. ते पायही त्यानं वगळले नाहीत. मी इथं नेहमी अडखळते.

आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीचं, लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ. 1895 साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई दुरावल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनानं, ओढाताणीनं नव्हे.

म्हणून आईशी वाद घालू नकोस, वचनं तर मुळीच ऐकवू नकोस. तिच्या गुडघ्याचं औषध संपलं की आणून दे. मात्र कुणी हात उगारला तर तिथं थांबू नकोस, सरळ आमच्याकडे ये. मार खाणं म्हणजे त्याग नव्हे. दिवाळीला घरी जा. दार उघडलं नाही तर पिशवी ओट्यावर ठेव आणि जेवायला माझ्याकडे ये.