चेतकच्या मागच्या ब्रेकची केबल: वायरीआधी आउटर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८०च्या दशकातली बजाज चेतक स्कूटर पूर्ण उघडून, बॉडीला पावडर कोटिंग करून परत जोडली. मागच्या ब्रेकला नवी केबल टाकली. पेडल स्पंजासारखं दबतं. मागचं चाक उचललं की मोकळं फिरतं, पण दोघं बसले की ब्रेक घासायला लागतो. लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) आणि ते ज्यावर घासतात तो ड्रम, दोन्ही चांगले आहेत.

दोन्ही तक्रारी बहुतेक आउटरच्या, म्हणजे वायरीवरच्या नळीसारख्या आवरणाच्या आहेत, आतल्या वायरीच्या नाहीत. वायर ओढते हे दिसतं, म्हणून सगळं लक्ष तिच्याकडे जातं. पण वायर जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढाच दाब उलट दिशेने आउटरवर येतो. आउटरचं एक टोक पेडलजवळच्या स्टॉपवर (पत्र्यातल्या भोकाच्या अडसरावर) टेकलेलं असतं, दुसरं इंजिनच्या केसिंगवरच्या ॲडजस्टरमध्ये. यातलं एक जरी टोक नीट बसलं नसेल, तर पेडलची बरीचशी चाल ते टोक बसवण्यातच जाते.

आधी घासण्याबद्दल. चेतकला वेगळा स्विंगआर्म (मागचं चाक धरून वर-खाली होणारा दांडा) नाही, इंजिनच स्विंगआर्म आहे. पुढच्या मोठ्या बोल्टभोवती ते वर-खाली होतं, आणि केबल बॉडीकडून इंजिनकडे जाते ती त्या बोल्टच्या, म्हणजे पिव्हटच्या, आसपासच. आउटर पिव्हटच्या खालून गेली असेल तर गाडीवर वजन पडून चाक वर गेल्यावर तिचा रस्ता लांबतो. पिव्हटच्या वरून गेली असेल तर उलटं, चाक खाली लोंबल्यावर लांबतो. आउटरला तिथे ढील नसेल तर ती ताणली जाते आणि तिचं टोक स्टॉपमधून उचकतं. टोक ३ मिमी उचकलं की आतली वायर ३ मिमी ओढली गेली, म्हणजे पेडलला हात न लावता ब्रेक लागला. तुमचा ब्रेक वजन पडल्यावर घासतो, म्हणून केबल खालच्या बाजूने तंग गेली असावी असा माझा अंदाज. ॲडजस्टर सैल करून घासणं थांबेल, पण मग चाक खाली असताना पेडल खोल जाईल. तो उपाय करू नका.

तपासायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर जोर देऊन गाडी दाबायची, दुसऱ्याने खाली बघायचं आणि आउटरच्या टोकावर बोट ठेवायचं. टोक हललं तर दोष सापडला. हीच तपासणी तीन स्थितींत करा: चाक पूर्ण लोंबतं, गाडी स्वतःच्या वजनावर उभी, आणि दोघं बसलेले. तिन्हीत पिव्हटपाशी आउटरला हलकी कमान राहिली पाहिजे आणि चाक सारखंच मोकळं फिरलं पाहिजे.

आउटर मुळातच आखूड असेल तर ती ओढूनताणून बसणार नाही, बदलावीच लागेल. दुकानात पाकिटावर नुसतं ‘बजाज स्कूटर’ असतं, आणि ८ इंची चाकांची सुपर व १० इंची चाकांची चेतक यांचे पार्ट एकाच खोक्यातून निघतात. जुनी आउटर सरळ करून सोबत न्या, नवीला लावून बघा. १०-१५ मिमी लांब चालेल, आखूड अजिबात नको.

आता स्पंजासारखं पेडल. पावडर कोटिंगचा थर साध्या रंगापेक्षा जाड असतो आणि तो स्टॉपच्या भोकातही शिरतो. आउटरच्या टोकावरची टोपी मग पत्र्यावर न बसता कोटिंगच्या कडेवर अडकते. जोराने दाबलं की कोटिंग चुरतं, टोपी थोडी आत जाते, परत दाबलं की आणखी थोडी. भोक गोल कानशीने किंवा हाताने फिरवलेल्या ड्रिल बिटने साफ करा. उघड्या पडलेल्या पत्र्याला प्रायमरचं बोट लावा, नाहीतर पहिल्याच पावसात गंज धरेल. टोपी हाताने ढकलून तळापर्यंत जाते की नाही ते बघा.

आउटरचं टोक कापलेलं असेल तर काप काटकोनात आहे का तेही बघा. साध्या पकडीने कापलं की आतली स्प्रिंग तिरपी होते, शेवटचा वेढा आत वळतो आणि वायर खरवडतो. धारदार केबल कटर वापरा, टोक कानशीने सपाट करा, आतलं भोक टोच्याने मोकळं करा, टोपी घाला. सायकलच्या गिअरची आउटर इथे कधीच वापरू नका. तिच्यातल्या तारा लांबीने सरळ असतात. गिअरच्या हलक्या ओढीला ती उत्तम, ब्रेकच्या दाबाखाली फाटू शकते. ब्रेकला वेढ्यांची स्प्रिंग असलेलीच आउटर हवी.

रस्ता आखताना एकूण वळणं मोजा. घर्षण वळणाच्या एकूण कोनाबरोबर वाढतं. तेल घातलेल्या, घर्षणांक ०.१ धरलेल्या केबलमध्ये सगळी वळणं मिळून ९० अंश झाली तर साधारण १५ टक्के जोर वाटेत जातो, १८० अंश झाली तर २७ टक्के. केबल कोरडी असेल आणि घर्षणांक ०.२ झाला, तर त्याच १८० अंशांत जवळजवळ निम्मा जोर संपतो. म्हणून टनेलमध्ये (बॉडीतल्या केबल नेण्याच्या पोकळ वाटेत) गिअरच्या दोन केबल, क्लच आणि वायरिंग यांना पीळ देऊन ब्रेकची केबल नेली की पेडल जड होतं आणि परत यायलाही आळस करतं. इंजिन खाली असतानाच ही केबल सर्वांत आधी ओढा. ती जाड आणि कमी वाकणारी असते, तिला सरळ वाट द्या, बाकीच्यांना तिच्या कडेने बसवा. जुनी केबल अजून आत असेल तर तिच्या टोकाला मजबूत दोरी बांधून मगच ती बाहेर काढा, नवी त्याच दोरीने येईल. प्लास्टिकचे टाय आवळू नका. आउटर नुसती धरून ठेवायची आहे, आवळली की आतली वाट चपटते. सायलेन्सरपासून निदान बोटभर अंतर ठेवा.

तेल केबल बसवण्याआधीच घाला. आउटरला आतून नायलॉनचं अस्तर असेल तर पातळ तेलाचे चार थेंब पुरेत, जाड ग्रीस त्यात चिकटून बसतं. अस्तर नसेल तर आउटर उभी टांगून वरून तेल सोडा आणि खालून थेंब पडेपर्यंत थांबा.

पेडलकडचं टोक जोडताना पेडलचे बोल्ट काढून पेडल वर उचललं की पिन समोर येते. पिनला ओरखड्याचा खड्डा पडला असेल तर बदला, स्प्लिट पिन तर दर वेळी नवीच. मग मागे या. ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून तीन-चार आटे बाहेर घ्या. ब्रेकचा आर्म हाताने दाबून लायनर ड्रमला टेकवा, किंचित सोडा, वायर पकडीने ओढून क्लॅम्पचा नट आवळा. नट आवळताना क्लॅम्पचा दुसरा भाग दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर तो फिरतो आणि वायरीला पीळ बसून तिच्या तारा सुटतात. शेपटी ३० मिमी ठेवून कापा. कापण्याआधी त्या जागी कथिलाचा डाग दिलात तर टोक विसकटणार नाही. पेडलच्या टोकाला १५ ते २० मिमी मोकळी चाल राहू द्या, आणि ब्रेक लाइटचा स्विच पेडलला खाली दाबून धरत नाही ना, तेही बघा.

मग पेडल दहा-बारा वेळा पूर्ण ताकदीने दाबा. आउटर आणि टोप्या आपापल्या जागी बसतील, चाल वाढेल. ॲडजस्टरने ती परत आणा, चेकनट आवळा. ५०-१०० किमी चालल्यावर पुन्हा एकदा बघा.

एवढं करूनही आर्म सावकाश परत येत असेल तर केबल क्लॅम्पमधून सोडा आणि आर्म हाताने हलवा. तरीही जड लागला तर ब्रेकचा कॅम (आर्मबरोबर फिरून लायनर ड्रमला टेकवणारा भाग) कोरडा आहे, किंवा रंगकामात त्याच्या भोकात कोटिंग शिरलं आहे. कॅम काढा, साफ करा, जास्त तापमानाचं ग्रीस अगदी पातळ लावा. ड्रम उघडलाच आहे तर हबच्या ऑइल सीलकडेही बघा. चेतकच्या मागच्या ड्रममध्ये गिअर ऑइल झिरपणं नेहमीचं, आणि लायनर तेल प्यायला असेल तर कुठलीही केबल गाडी थांबवू शकत नाही. लायनर ओला दिसला तर आधी सील बदला, मग लायनर, आणि केबलचं सेटिंग त्यानंतर नव्याने करा.