पातळ की जाड? आधी घरातली आच बघा

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पिझ्झ्याचा क्रस्ट (खालची पोळी, म्हणजे बेस) पातळ बरा की जाड, मधला भाग ओला का राहतो, आणि ज्वारीच्या पिठाचा बेस जमतो का.

मला स्वतःला पातळच आवडतो, कडेला काळे डाग पडलेला. पण तसा पिझ्झा घरी होत नाही. इटलीतल्या नेपल्सच्या पद्धतीत लाकडाची भट्टी ४३० ते ४८० अंश सेल्सिअसवर तापवतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. आपला ओटीजी, म्हणजे घरचा विजेचा ओव्हन, २३०-२५० वर दमतो. तिथे पातळ बेस भाजेपर्यंत वाळून कडक होतो. म्हणून घरी मी जाडच करतो, तोही बिडाच्या तव्यात. लाईट गेली तरी अडत नाही.

अर्धा किलो मैद्याला ३०० ते ३२० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ. यीस्ट मात्र हात आखडून. पुस्तकातलं माप थंड हवेचं असतं. लातूरच्या एप्रिल-मेमध्ये तेवढं घातलं तर पीठ दुपारपर्यंत आंबून चिकट होतं. निम्मं घाला आणि पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, चवही वाढते. तव्यात सढळ तेल, मंद आच, झाकण. खालची बाजू खरपूस झाली की उलटा, आणि टॉपिंग त्या भाजलेल्या बाजूवर लावा. मग परत झाकण. खालून कुरकुरीत, आत लुसलुशीत. वरचं चीज वितळेल, पण त्याला डाग पडणार नाहीत. तेवढं चालवून घ्या.

मधला भाग ओला राहतो तो पाण्यामुळे. कच्चा टोमॅटो, मशरूम, ढोबळी, सगळ्यांना पाणी सुटतं. टोमॅटो किसून, लसूण घालून, चमचा उभा राहील इतका आटवा. (केचप लावू नका हो, गोडमिट्ट होतं.) मशरूम आधी कोरड्या तव्यावर परता. ताजं मोझरेला असेल तर तासभर निथळत ठेवा. पनीर वितळत नाही, ते फक्त तुकडे म्हणून घाला.

ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे हवा धरून ठेवायला काहीच नसतं आणि बेस फुगत नाही. मैद्यात पाचवा हिस्सा मिसळा, त्यापुढे नको. निव्वळ ज्वारी हवी असेल तर सरळ भाकरी करा आणि पिठलं घ्या!

टॉपिंगला माझी पसंती: पातळ चिरलेला कांदा, हिरवी मिरची, लसूण, चीज बेताचं. स्वीटकॉर्न मला अजिबात चालत नाही. अननसाला मात्र लोक उगाच नावं ठेवतात. १९६२ मध्ये कॅनडात सॅम पॅनोपुलोस या हॉटेलवाल्यांनी तो पिझ्झ्यावर घातला, सोबत हॅमचा खारटपणा होता. आपल्याकडे नुसतं अननस टाकतात आणि मग गोड लागलं म्हणून ओरडतात. पाक निथळून घ्या, तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा, वर थोडा ठेचा. मुलांच्या तुकड्यावर ठेचा सोडून द्या.