पाण्यातून निघावंसं का वाटत नाही?

प्रश्न : मे महिन्यात तरणतलावात उतरलो की बाहेर निघावंसंच वाटत नाही. पोहायला लागलो की मात्र २५ मीटरमध्येच दम लागतो. असं का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नागपूरच्या ४५ अंशांत दुसरं काय होणार! पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. शिवाय गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. गुडघे, कंबर सुटल्यासारखे वाटतात ते त्यामुळेच.

दम लागण्याचं कारण बहुधा ताकद नसून श्वास असतो. नवशिके तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून धरतात आणि वर येताच सोडणं-घेणं एकदमच करू पाहतात. त्यासाठी डोकं उचललं की पाय बुडतात, मग पाणी कापायला दुप्पट मेहनत. आधी कठडा धरून तोंड पाण्यात घाला, नाकातोंडाने ३-४ सेकंद सावकाश बुडबुडे सोडा, मग मान फक्त कुशीवर वळवून श्वास घ्या. असं २० वेळा. हात मारायची घाई नको.

आणि हो, हा सराव उथळ बाजूला, जीवरक्षक असतानाच. अंबाझरी तलावात नव्हे.